सातबाऱ्यावरचं ‘अज्ञान’ आणि कांटचं उत्तर

आमच्या सातबाऱ्यावर माझ्या चुलतभावाच्या नावापुढे अगदी अलीकडेपर्यंत ‘अज्ञान’ असा शेरा होता. काका गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता. वारसनोंद करताना तलाठ्यांनी रीतीप्रमाणे त्याच्या नावापुढे ‘अज्ञान’, म्हणजे कायद्याने अजून वयात न आलेला, असं लिहिलं आणि खाली ‘अ.पा.क. आई’. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. पुढे भाऊ अठरा वर्षांचा झाला, शिकला, नोकरीला लागला, त्याला दोन मुलं झाली, आणि उताऱ्यावर मात्र तो ३९व्या वर्षीही अज्ञानच राहिला. त्याला कुणी अडवलं नव्हतं. वयाचा पुरावा जोडून एक अर्ज द्यायचा असतो, तेवढा त्याने दिला नव्हता. ‘आई बघते की सगळं,’ एवढंच तो म्हणायचा.

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८४ साली एक छोटा निबंध लिहिला. त्याचा विषय होता, ‘ज्ञानोदय म्हणजे काय?’ त्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द समजावून सांगायला मला या शेऱ्याइतकं चांगलं उदाहरण आजवर सापडलेलं नाही. जर्मनमध्ये तो शब्द ‘उनम्युंडिगकाइट’ असा आहे आणि तो कायद्यातला आहे. ज्याचे व्यवहार त्याच्या वतीने दुसऱ्याने करायचे, ज्याची सही धरली जात नाही, त्याची ही अवस्था. म्हणजे आपल्या तलाठी दप्तरातला ‘अज्ञान’ जसाच्या तसा. त्याचा बुद्धीशी संबंध नाही, शिक्षणाशी नाही, माहितीशी तर नाहीच.

मराठीत आपण अठराव्या शतकातल्या युरोपच्या या वैचारिक युगाला ‘ज्ञानोदय’ किंवा ‘प्रबोधन’ म्हणतो, आणि दोन्ही शब्दांमुळे थोडी गफलत होते. वाटतं की लोकांना माहिती नव्हती, मग ती मिळाली, आणि उजाडलं. जर्मन शब्द आहे ‘आउफक्लेरुंग’. त्याच्या मुळाशी स्वच्छ होणं, मळभ सरणं हा अर्थ आहे. श्रावणात मध्येच उघाड पडते, तसं काहीसं. कांट म्हणतो, ही उघाड ग्रंथालयं भरल्याने पडत नाही. ज्ञानोदय म्हणजे माणसाने स्वतःच ओढवून घेतलेल्या अज्ञानपणातून बाहेर पडणं. अज्ञानपण म्हणजे दुसऱ्याने हात धरल्याशिवाय आपली बुद्धी वापरता न येणं. आणि ते ‘स्वतः ओढवून घेतलेलं’ केव्हा म्हणायचं? बुद्धी असते, पण ती एकट्याने वापरायचं धैर्य नसतं, तेव्हा.

हा प्रश्न निघाला कसा, ते सांगायलाच हवं, कारण निमित्त लग्नाचं होतं. बर्लिनमध्ये एक मासिक निघायचं. १७८३ च्या सप्टेंबरमध्ये त्यात एक निनावी लेख आला: लग्न लावायला पाद्री कशाला हवा? तो लेख मासिकाच्या दोन संपादकांपैकी एकाचा, बीस्टर यांचा होता. त्सोल्नर नावाच्या पाद्र्यांना तो झोंबला आणि डिसेंबरमध्ये त्यांनी उत्तर छापलं. ज्ञानोदयाच्या नावाखाली लोकांच्या डोक्यात गोंधळ माजवला जातोय, अशी त्यांची तक्रार होती. त्या लेखाच्या एका तळटीपेत त्यांनी विचारलं: ज्ञानोदय म्हणजे तरी काय? लोकांना उजेड द्यायला निघण्याआधी या प्रश्नाचं उत्तर द्यायला नको का? मला तर ते कुठेच सापडलेलं नाही, असंही त्यांनी लिहिलं.

एका तळटीपेने अख्खं बर्लिन कामाला लावलं. त्सोल्नर काही ज्ञानोदयाचे वैरी नव्हते. बर्लिनमधल्या विचारी मंडळींचं ‘बुधवार मंडळ’ नावाचं एक गुप्त मंडळ होतं, त्यात तेही होते आणि बीस्टरही. सरकारी अधिकारी, डॉक्टर, प्रकाशक, पाद्री बंद दाराआड एकमेकांना निबंध वाचून दाखवत आणि त्यावर वाद घालत. लोकांना किती उजेड द्यावा, कुठे थांबावं, फार दिला तर राज्याची घडी विस्कटेल का, हे त्यांचे खरेखुरे प्रश्न होते. त्यांच्यातलेच तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सझोन यांनी १७८४ च्या सप्टेंबरमध्ये मासिकात पहिलं मोठं उत्तर दिलं. त्यांनी एक बारीक गोष्ट दाखवली: माणूस म्हणून जो उजेड हवा आणि नागरिक म्हणून जो हवा, त्यांत कधीकधी भांडण लागतं. डिसेंबरच्या अंकात कांटचं उत्तर आलं. तो तेव्हा ६० वर्षांचा होता, बर्लिनपासून दूर क्योनिग्सबर्ग या बंदराच्या गावी प्राध्यापक होता. आज ते गाव रशियात आहे आणि त्याचं नाव कालिनिनग्राद आहे. मेंडेल्सझोनचा लेख तोवर त्याच्या हाती पडला नव्हता. विषय एकच आहे, एवढं त्याने दुसऱ्या नियतकालिकातल्या सूचनेत वाचलं होतं.

कांटचे मोठे ग्रंथ वाचताना दम लागतो, पण हा निबंध तसा नाही. तो सरळ माणसाच्या घरात शिरतो. माझ्यासाठी समजून घेणारं पुस्तक आहे, माझ्यासाठी सदसद्विवेक बाळगणारा धर्मगुरू आहे, माझं पथ्य ठरवणारा वैद्य आहे. मग मी कशाला डोकं शिणवू? पैसे मोजले की झालं, विचार करण्याचं कंटाळवाणं काम दुसरे करतील. कांट याची कारणं दोन सांगतो: आळस आणि भित्रेपणा.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. कांट डॉक्टरकडे जाऊ नका म्हणत नाही. मधुमेह झाल्यावर स्वतःच्या बुद्धीने औषध ठरवणं हे ज्ञानोदयाचं लक्षण नाही. डॉक्टरांचं ज्ञान घ्यावंच, पण निर्णयाची सही आपली असावी. काय झालंय, हे औषध का, दुसरा मार्ग आहे का, हे विचारून मग ‘बरं, घेतो’ म्हणणारा माणूस सज्ञान. ‘तुम्हीच बघा’ म्हणून उठणारा अज्ञान, मग तो स्वतः कितीही शिकलेला असो. आणि उलट बाजूने, कुणाचंच ऐकायचं नाही असं ठरवून बसलेला, एका चित्रफितीवर आंधळा विश्वास टाकणारा माणूससुद्धा सज्ञान नाही. त्याने फक्त पालनकर्ता बदलला आहे.

पालनकर्त्यांबद्दल कांट फार कडक आहे. या मंडळींनी आधी आपल्या पाळीव जनावरांना मठ्ठ केलं, ज्या पांगुळगाड्यात त्यांना कोंडलं त्याबाहेर पाऊल टाकायची हिंमत होऊ नये याची काळजी घेतली, आणि मग एकट्याने चालायला गेलात तर केवढा धोका आहे ते दाखवलं. पांगुळगाडा हा शब्द मी माझ्याकडून घातलेला नाही. जर्मनमध्येही लहान मुलांना चालायला शिकवायची ती गाडीच आहे. दोनचार वेळा पडलं की चालता येईल, धोका तेवढाच. पण एकदा पडल्यावर बहुतेक जण पुन्हा प्रयत्न करत नाहीत.

म्हणूनच एकट्याने यातून सुटणं कठीण, असं तो मान्य करतो. अज्ञानपण अंगवळणी पडतं, अगदी आवडायला लागतं. समाज मात्र मिळून बाहेर येऊ शकतो, हळूहळू, बोलायचं स्वातंत्र्य असेल तर. क्रांतीवर त्याचा भरवसा नाही. क्रांतीने एखादा जुलमी राजा जाईल, लूट थांबेल. विचार करण्याची रीत बदलणार नाही. जुन्या पूर्वग्रहांच्या जागी नवे येतील आणि लोकांना पुन्हा दोरीने चालवतील. फ्रान्समध्ये बास्तीयचा तुरुंग पडून राज्यक्रांती सुरू व्हायला तेव्हा अजून पाच वर्षं होती.

आता निबंधाचा गाभा. चारी बाजूंनी एकच ओरड ऐकू येते, कांट लिहितो: वाद घालू नका! सेनाधिकारी म्हणतो, वाद नको, कवायत करा. करवसुलीवाला म्हणतो, वाद नको, पैसे भरा. पाद्री म्हणतो, वाद नको, विश्वास ठेवा. जगात एकच राजा म्हणतो, हवा तितका, हव्या त्या विषयावर वाद घाला, पण आज्ञा पाळा. हा राजा म्हणजे बर्लिन ज्याची राजधानी होती त्या प्रशियाचा दुसरा फ्रेडरिक.

‘वाद घाला, पण आज्ञा पाळा’ हे पहिल्यांदा वाचलं की पटत नाही. पाळायचंच असेल तर वाद कशाला? यासाठी कांट बुद्धीचे दोन वापर वेगळे काढतो, आणि शब्द असे योजतो की आपण हमखास चुकतो. एक ‘सार्वजनिक’ वापर, दुसरा ‘खाजगी’. आपल्याला वाटतं, कचेरीत करतो ते सार्वजनिक आणि घरी बसून लिहितो ते खाजगी. कांटचं नेमकं उलट आहे. नेमून दिलेल्या पदावर बसून आपण जी बुद्धी वापरतो ती खाजगी, कारण तिथे आपण एका यंत्रणेचा भाग असतो, दुसऱ्याच्या वतीने बोलतो आणि समोरचा श्रोता ठरावीक असतो. चर्चमधली सभा कितीही मोठी असली तरी ती घरगुतीच सभा, असं तो म्हणतो. सार्वजनिक वापर तो, जेव्हा आपण पदाचा डगला उतरवून, एक जाणकार माणूस म्हणून, लिहून सगळ्या वाचणाऱ्या जगाशी बोलतो. पहिल्यावर बंधनं चालतील, कधी कधी हवीतच. दुसरा मात्र नेहमी मोकळा असला पाहिजे. माणसांत उजेड आणण्याचं बळ त्याच्यातच आहे.

त्याची उदाहरणं तीन आहेत. अधिकाऱ्याला वरून हुकूम आला तर तो चुकीचा आहे असं रणांगणावर मोठ्याने बोलत बसायचं नाही. पण सैन्यव्यवस्थेत काय चुकतं यावर लेख लिहून लोकांपुढे ठेवायला त्याला कुणी मना करू नये. नागरिकाने कर भरायचा, आणि कर अन्यायाचा का आहे तेही जाहीरपणे लिहायचं. पाद्र्याने व्यासपीठावरून आपल्या पंथाची शिकवण सांगायची, कारण त्याच अटीवर त्याला नेमलंय. पण त्या शिकवणीत काय चुकीचं आहे यावर त्याने जाणकार म्हणून मोकळेपणाने लिहावं. मात्र तीत धर्माच्या मूळ गाभ्यालाच विरोधी असं काही आहे असं त्याला वाटलं, तर त्याने पद सोडावं.

जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका घ्या. वर्गात तिने नेमलेलं पुस्तक शिकवायचं, नाहीतर मुलांची परीक्षा कोलमडेल. पण तो धडा चुकीचा आहे असं तिने मासिकात लिहिलं, तर कांटच्या मते ती तिचं कर्तव्यच करते आहे, कारण चुका तिलाच आधी दिसतात. आपल्याकडे मात्र महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ सरकारी कर्मचाऱ्याला सरकारच्या धोरणांवर जाहीर टीका करू देत नाहीत, केंद्राच्या १९६४ च्या नियमांतही तशीच मनाई आहे. म्हणजे कांटने जो दरवाजा सताड उघडा ठेवायला सांगितला, तो आपण सगळ्यात घट्ट लावून घेतला. शिस्त हवी हे मलाही मान्य आहे. पण यंत्रणा आतून पाहणाऱ्यानेच गप्प बसायचं असेल, तर बाहेरच्यांच्या चर्चेला माहिती कुठून मिळायची?

पाद्र्याचं उदाहरण वाचताना मला गोपाळ गणेश आगरकर आठवतात. ‘केसरी’चे ते पहिले संपादक. सामाजिक सुधारणांबद्दल त्यांना जे वाटत होतं ते त्या पत्रातून पूर्णपणे मांडता येईना, सहकाऱ्यांचं मत वेगळं होतं. १८८७ मध्ये त्यांनी संपादकपद सोडलं आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. खुर्चीवर राहून धोरण मोडायचं नाही, खुर्चीसाठी मतही गिळायचं नाही. शंभर वर्षांच्या आणि हजारो मैलांच्या अंतरावर ही तीच वाट आहे.

पण कांटने आज्ञापालनावर इतका जोर का दिला? तो राजाला घाबरत होता, हे सोपं उत्तर झालं. त्याच्या विचारातलं उत्तर असं: विचार मोकळे झाले की राज्य कोसळेल, ही भीती खरी ठरली तर पहिला बळी मोकळ्या विचाराचाच जाईल. म्हणून तो राज्यकर्त्याला सांगतो, घाबरू नका. लोक कर भरतील, रस्त्यावर शांतता राहील, फक्त त्यांना लिहू द्या. फ्रेडरिककडे मोठी, शिस्तबद्ध फौज होती, म्हणूनच तो ‘वाद घाला’ म्हणू शकला, हेही कांट उघडपणे लिहितो. त्याला यात एक कोडं दिसतं: नागरी स्वातंत्र्य थोडं कमी असेल तर विचाराला वाढायला जागा मिळते, आणि विचार वाढला की तो हळूहळू लोकांच्या वागण्यावर, शेवटी सरकारवरही परिणाम करतो. मग सरकारलाच कळतं की माणूस यंत्राहून अधिक आहे आणि त्याला तसं वागवण्यात आपलाही फायदा आहे. ‘आपण ज्ञान उजळलेल्या युगात राहतो का?’ या प्रश्नावर त्याचं उत्तर आहे: नाही, पण ते उजळत असलेल्या युगात राहतो.

एक जागा अशी आहे जिथे कांट तसूभरही मागे सरत नाही. धर्मगुरूंच्या एखाद्या सभेने शपथ घेऊन ठरवलं की आमची ही शिकवण कायमची, तिच्यात पुढे कधीच बदल नाही, तर तो करार रद्दबातल. राजाने मोहोर उठवली, संसदांनी मंजूर केला, तहात लिहिला, तरीही. कारण एका पिढीला पुढच्या पिढीचे हात बांधण्याचा हक्कच नाही. माणूस स्वतःपुरता विचार करणं काही काळ लांबणीवर टाकू शकतो. पण पुढच्यांच्या वतीने तो हक्क सोडणं म्हणजे मानवजातीच्या पवित्र हक्कांवर पाय देणं. सगळ्या निबंधात मला हा परिच्छेद सर्वांत जास्त आवडतो.

आक्षेप लगेच आला, आणि तोही त्याच गावातून. योहान गेओर्ग हामान हा कांटच्या ओळखीचा लेखक क्योनिग्सबर्गच्या जकात वखारीवर छोट्या पगाराची नोकरी करत होता. १८ डिसेंबर १७८४ रोजी त्याने कांटचा शिष्य आणि सहकारी क्राउस याला पत्र लिहिलं. ‘स्वतः ओढवून घेतलेलं’ या शब्दांवरच त्याने बोट ठेवलं. दोष अज्ञान राहिलेल्याचा म्हणता, मग पालनकर्त्याचं काय? ज्याच्या पाठीशी मोठी शिस्तबद्ध फौज उभी आहे, त्याच्यापुढे गप्प बसणाऱ्याला भित्रा म्हणायचं? आणि सार्वजनिक-खाजगीच्या भेदावर त्याने विचारलं: घरी मला गुलामाचाच डगला घालायचा असेल, तर स्वातंत्र्याचा सणाचा पोशाख काय कामाचा?

या प्रश्नाला कांटकडे पुरेसं उत्तर आहे असं मला वाटत नाही. ज्याला लिहिता येतं, ज्याचं लिहिलेलं छापलं जातं, त्याच्यासाठी त्याचा दरवाजा आहे. शेतमजुराचा, मोलकरणीचा सगळा दिवस ‘आज्ञा पाळा’मध्येच जातो, त्यांनी ‘वाद घाला’ कुठे करायचं? खुद्द मेंडेल्सझोनचं पाहा. १७४३ मध्ये चौदा वर्षांचा हा ज्यू मुलगा बर्लिनला शिकायला आला आणि पुढे युरोपभर गाजला. १७७१ मध्ये बर्लिनच्या अकादमीने त्याला सभासद निवडलं, तर ‘हवा तितका वाद घाला’ म्हणणाऱ्या त्याच फ्रेडरिकने त्या निवडीला मान्यता दिली नाही. मेंडेल्सझोनच्या नावापुढचा शेरा त्याने स्वतः लिहून घेतला नव्हता.

बायकांच्या बाबतीत कांट आणखी कमी पडतो. पालनकर्त्यांनी ‘सगळ्या स्त्रीवर्गाला’ पाऊल टाकायची भीती घातली, हे तो १७८४ मध्ये नोंदवतो. वाचणाऱ्याला वाटतं, आता पुढे तो म्हणेल, त्यांनाही बाहेर येऊ द्या. पण १७९७ मध्ये तो नोकर, शिकाऊ कारागीर यांच्यासोबत सर्व स्त्रियांना मताचा हक्क नसलेल्या ‘निष्क्रिय’ नागरिकांत घालतो. आणि १७९८ मध्ये लिहितो की स्त्री कोणत्याही वयात नागरी व्यवहारात अज्ञानच, नवरा तिचा स्वाभाविक पालनकर्ता. त्याच्याच जेवणाच्या टेबलावर बसणारा मित्र हिपेल, क्योनिग्सबर्गचा महापौर, याने १७९२ मध्ये निनावी पुस्तक लिहून स्त्रियांना नागरिक म्हणून बरोबरीचे हक्क मागितले होते. त्यामुळे ‘त्या काळी सगळे असाच विचार करत’ ही सबब इथे चालत नाही. माझ्या काकूचंच घ्या. आपल्या १९५६ च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्यात मुलाचा स्वाभाविक पालक आधी बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई. या ‘त्याच्यानंतर’चा अर्थ ‘तो मेल्यानंतरच’ असा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, १९९९ साली.

कांटची स्वतःची परीक्षा पुढे लवकरच झाली. १७८६ मध्ये फ्रेडरिक वारला. त्याच्या पुतण्याच्या कारकिर्दीत व्योल्नर नावाचा मंत्री आला. १७८८ मध्ये आधी धर्माविषयीचं फर्मान निघालं, मग डिसेंबरमध्ये छपाईवरच्या नियंत्रणाचं. ज्या मासिकात ‘ज्ञानोदय म्हणजे काय’ची चर्चा झाली, त्याला छपाईसाठी प्रशियाबाहेर जावं लागलं. कांटच्या धर्मावरच्या लेखमालेचा दुसरा भाग बर्लिनच्या परीक्षकांनी अडवला. त्याने विद्यापीठाच्या विद्याशाखेकडून परवानगी मिळवून ती पुस्तकरूपाने छापली. ऑक्टोबर १७९४ मध्ये सत्तरीतल्या या प्राध्यापकाला राजाज्ञेने खडसावलं: पुन्हा असं काही लिहिलंत तर परिणाम भोगावे लागतील.

आणि कांटने आज्ञा पाळली. ‘महाराजांचा अत्यंत निष्ठावान प्रजाजन म्हणून’ यापुढे धर्माविषयी व्याख्यानातून किंवा लेखनातून जाहीरपणे काही मांडणार नाही, असं त्याने लिहून दिलं. मला हे वाचताना दरवेळी वाईट वाटतं. राजाने कचेरीतली शिस्त मागितली नव्हती. जो वापर नेहमी मोकळा असला पाहिजे असं कांटने सांगितलं होतं, नेमका तोच राजाने मागितला होता आणि कांटने तो दिला. त्याने स्वतःसाठी केलेलं एक टिपण सापडलं आहे: मनापासून पटलेलं मत मागे घेणं हलकटपणाचं, पण अशा वेळी गप्प राहणं हे प्रजाजनाचं कर्तव्य, बोलू ते सगळं खरं असावं, म्हणून सगळं खरं जाहीर बोललंच पाहिजे असं नाही.

नोव्हेंबर १७९७ मध्ये तो राजा वारला. पुढच्याच वर्षी ७४ वर्षांच्या कांटने नवं पुस्तक काढलं, त्याच्या प्रस्तावनेत राजाचं पत्र आणि आपलं उत्तर दोन्ही छापली, आणि ‘महाराजांचा प्रजाजन म्हणून’ या शब्दांना एक तळटीप जोडली: हे शब्द मी जाणूनबुजून निवडले होते, मी माझं स्वातंत्र्य कायमचं सोडलं नव्हतं, फक्त ते महाराज जिवंत असेपर्यंत.